ऐकू येईल असा सायलेन्सर

“बाई, गाडी चालूच आहे,” पहारेकरी काचेपाशी वाकून म्हणत होता. हे तो तिसऱ्यांदा म्हणत होता म्हणे. पहिल्या दोन वेळा मला नुसते त्याचे हलणारे ओठ दिसले, मला वाटलं फाटकातून गाडी काढा म्हणतोय, तर मी मान डोलावली आणि पुन्हा किल्ली फिरवली. चालू गाडीला किल्ली मारली की आत दातावर दात घासल्यासारखा करकराट होतो. तो ऐकून समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या, रस्त्यानं जाणारा एक माणूस थांबला, कडेला झोपलेलं कुत्रं उठून पलीकडे जाऊन बसलं. मला तेवढं कुत्रं दिसलं, बाकीचं मागाहून कळलं. किल्लीतून बोटांना काहीतरी खरखरीत लागलं होतं, नाही असं नाही. पण मांडीवर अस्तराच्या कापडाचा गठ्ठा, डोक्यात अकरा खिडक्यांची मापं, मी समजले बॅटरी उतरली. शेवटी त्यानं दोन्ही तळवे हवेत थरथरवून दाखवले, इंजिन असं असं चालू आहे म्हणून. “ठाऊक आहे मला,” मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. इतकं धडधडीत खोटं मी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. गिअर टाकला आणि निघाले, आणि पुढच्या वळणापर्यंत कान, गाल, मान सगळं तापलं होतं.

शरमेनं नव्हे, रागानं. राग कुणाचा ते मात्र लगेच कळेना. पहारेकऱ्याचा म्हणावा तर बिचारा चार शब्द नीट बोलला होता. स्वतःचा म्हणावा तर ती सवय मी केव्हाच सोडली आहे. मग तळ्याकडच्या चढावर मी दुसऱ्या गिअरमध्ये आहे का तिसऱ्या, हे बघायला मला दांड्याकडे मान खाली घालावी लागली, आणि तेव्हा कळलं. राग त्या नव्या सायलेन्सरचा होता. आठ दिवसांपूर्वीपर्यंत हे झालंच नसतं. आठ दिवसांपूर्वीपर्यंत माझ्या गाडीचा सायलेन्सर गंजून फुटलेला होता, आणि त्या फुटक्या सायलेन्सरच्या तीन आठवड्यांत मी जशी गाडी चालवली तशी जन्मात चालवली नव्हती. गाडी लहानशीच, पडद्यांचे रॉड डिकीतून आत घातले तर टोकं पुढच्या काचेला टेकतात. भोक पडलं त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलायला लागली. पहिल्या गिअरमध्ये कण्हायची, दुसरा टाकला की हुश्श करायची, चढावर तिसऱ्यातच ठेवली तर कुरकुरायची, आणि मी म्हणायचे, बरं बाई, घे दुसरा. सगळ्यांना वाटत होतं गाडी बिघडली आहे. मलाही वाटत होतं. गाडीत बिघाड होता खरा, पण मला ऐकू येत होतं, आणि हे मला गाडी दुरुस्त होऊन आल्यावर समजलं. कंपनीचा नवाकोरा सायलेन्सर. जो तो म्हणाला, वा, काय गुपचूप चालते आता! मी आत बसले, सुरू केली, आणि कुणी तोंडावर उशी दाबावी तसं झालं.

कान काही एका दिवसात जात नाहीत. पस्तीस वर्षं मी पडदे शिवते आहे, त्यातली पहिली वीस दुसऱ्याच्या कारखान्यात, ओळीनं चौदा मशीन धडधडणाऱ्या खोलीत. आधी पाखरं गेली. मग फोनची घंटा. मग माणसांच्या बोलण्यातले श, स, फ, ख अशी वाऱ्याची अक्षरं गेली आणि उरलेल्या अक्षरांवरून मी वाक्यं जुळवायला लागले, कापडाच्या तुकड्यांची गोधडी जोडावी तशी. कधी जुळायचं, कधी फजिती व्हायची. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, राखी रंगाचे पडदे हवेत. मी ऐकलं खाकी. अठरा पडदे, जाड खाकी कापडाचे, दुहेरी अस्तर, वर चुण्या मोजून घातलेल्या. लावून झाल्यावर बाई दारात उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या. त्यांची बाहेरची खोली लष्कराच्या छावणीसारखी दिसत होती. मी सगळे उतरवून पुन्हा शिवून दिले आणि घरी येऊन अर्धा तास एकटीच हसले, मग थोडी रडलेसुद्धा. त्यानंतर लेकीनं मला कानाचं मशीन घेऊन दिलं. आमच्या घरात मशीन म्हटलं की शिवणाचं, कपडे धुण्याचं आणि कानाचं अशी तीन होतात, त्यामुळे “मशीन लावलंस का?” या प्रश्नाला मी नेहमी हो म्हणते. लेक म्हणते, “आई, कानातलं घाल,” आणि मी मुद्दाम जाऊन मोत्याच्या कुड्या घालून येते.

मशीन वाईट नाही, मी नावं ठेवत नाही. त्यानं माणसं थोडी परत आणली. पण गाडीत त्याचा उपयोग शून्य. कान तपासणारी मुलगी मोठी गोड. तिनं मला कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ डावीकडे वर होती आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली आली होती. ती म्हणाली, “काकू, तुमचे जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत. मशीन बारीक आवाज मोठे करतं आणि एकसुरी आवाज गाळून टाकतं. पंखा, इंजिन, असला कचरा.” कचरा! म्हणजे वळताना लागणाऱ्या दिव्याची टिकटिक हातोडीसारखी आदळते, पिशवीतल्या कागदाचं चुरगळणं कानात फुटतं, आणि ज्या एका आवाजावर मी पंचवीस वर्षं गिअर बदलत आले तो हे मशीन चाळून बाहेर फेकतं. मी तिला म्हटलं, मला हा कचरा हवाय. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. पहारेकऱ्यानं अकरा खिडक्यांवाल्या बाईंना सांगितलं, बाईंनी काळजीपोटी फोन केला, फोन ह्यांनी घेतला, आणि ह्यांनी लेकीला कळवलं. आमचे हे मुद्रितं तपासतात. छापायच्या आधीचे कागद पुढ्यात घेऊन एकेक वेलांटी, एकेक अनुस्वार बघत बसायचं, आणि त्याला शांतता लागते. लग्न होऊन आले तेव्हापासून मला ती शांतता राखायची सवय आहे. दार लावायचं तर कडी बोटानं धरून. भांडं ठेवायचं तर खाली फडकं. माझ्या शिवणाच्या मशीनच्या चारी पायांखाली नमद्याचे जाड लोकरी तुकडे आहेत, खोलीच्या दाराला दुहेरी पडदा आहे, तो मीच शिवला. हे कधी ओरडले नाहीत, कधीच नाही. फक्त उजवा हात वर करायचे आणि तळवा हळूहळू खाली आणायचे. हळू. मुलगीही तेच शिकली. आमच्या घरात सगळे पाठमोरे, दुसऱ्या खोलीतून, पुटपुटत बोलतात, आणि मग आईला ऐकू येत नाही म्हणतात. मला कधी कधी वाटतं, माझे कान कारखान्यातल्या मशीननी कमी नेले आणि या घरानं जास्त नेले. हे शास्त्राला धरून नाही, मला ठाऊक आहे. पण वाटतं, आणि वाटतं ते मी आता बोलून टाकते.

लेक रविवारी आली ती ठरवूनच. विम्याच्या कंपनीत आहे, तिला सगळीकडे अपघातच दिसतात. “आई, गाडी विकून टाक. फोनवर गाडी बोलावता येते, दारात येते.” मी विचारलं, नऊ फुटी रॉड आत घेते का ती दारात येणारी गाडी? मागच्या वेळी एकानं रॉड बघूनच काच वर केली होती. “मग मापं घ्यायला कुणाला तरी पाठव.” आता मात्र माझं डोकं फिरलं. दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर मी कात्री चालवत नाही, आजवर चालवली नाही. खिडकी कधी सरळ नसते. डावीकडे अर्ध्या बोटानं खाली असते, ते टेपला कळत नाही, टेप धरणाऱ्याला कळावं लागतं. गाडी गेली म्हणजे खिडक्या गेल्या, खिडक्या गेल्या म्हणजे काम गेलं, आणि काम गेलं की मी त्या दुहेरी पडद्याआड, नमद्यावर, कुणाला त्रास न देता बसून राहणार. हे मी तिला ओरडून सांगितलं. ह्यांचा हात वर गेला आणि खाली यायला लागला. लेक म्हणाली, “ठीक आहे. पुढच्या रविवारी मी तुझ्या शेजारी बसते. तास दीड तास. एकदा जरी गाडी बंद पडली, एकदा जरी चालू गाडीला किल्ली मारलीस, तर किल्ली माझ्या हातात. कबूल?” ह्या वेळी ती माझ्याकडे तोंड करून बोलत होती, म्हणून अक्षर न् अक्षर ऐकू आलं. कबूल, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला मी नळीवाल्याच्या दारात उभी होते. नळ्या वाकवून, जोडून गाड्यांना सायलेन्सर बसवतो म्हणून त्याला सगळे नळीवाला म्हणतात. लांबरुंद माणूस, भुवया ठिणग्यांनी जळलेल्या, आणि आयुष्यभर लोखंड घासून त्याचेही कान अर्धे गेलेले, त्यामुळे तो खणखणीत बोलतो. आमचं पहिल्या वाक्यातच जमलं. “मुलाच्या गाडीला बसवायचाय?” त्यानं विचारलं. “मला मुलगी आहे, आणि तिला सायकलसुद्धा धड येत नाही. माझ्या गाडीला.” त्यानं गाडीकडे पाहिलं, मागच्या सीटवर अस्तराचा तागा, टेकलेले रॉड, मग माझ्याकडे. “कसा हवा?” पस्तीस वर्षं मी लोकांना विचारते आहे, कसा हवा, किती लांब, किती चुणी, उजेड अडवणारा का उजेड गाळणारा. मला हा प्रश्न कुणी विचारल्याचं आठवेना. “ऐकू येईल असा,” मी म्हटलं. तो हसला. “बाई, सायलेन्सर ऐकू येऊ नये म्हणून असतो.” “मग ही सगळी पोरं तुमच्या दुकानात काय शांतता विकत घ्यायला येतात?” “त्यांना दुसऱ्याला ऐकवायचं असतं,” तो म्हणाला. “मला कुणाला ऐकवायचं नाही,” मी म्हटलं, “मला स्वतःला ऐकायचंय.” मग सगळं सांगितलं, पहारेकऱ्यासकट. त्यानं हसणं थांबवलं, हात पुसले आणि म्हणाला, “कानातली यंत्रं काढून पर्समध्ये ठेवा. आता बघू.”

दुकानापुढे तीन गाड्या उभ्या होत्या, तीन तऱ्हेच्या नळ्यांच्या. पहिलीला चकचकीत, रुंद तोंडाचा सायलेन्सर. त्यानं पॅडल दाबलं तसे आसपासचे लोक मागे सरले, एकानं कानात बोट घातलं. मी वाट बघत उभी. “कसा?” तो ओरडला. “काय कसा?” मी म्हटलं. सगळा बारीक, तडतडा आवाज. माझ्या कागदावरच्या घसरगुंडीवरून तो सरळ खाली गेला होता. दुसऱ्या गाडीला डबाच नव्हता, इंजिनापासून शेवटपर्यंत नुसती मोकळी नळी. हा आवाज आला, छातीवर आला, पण हळू चालवा नाहीतर जोरात चालवा, एकच घुं. काही माणसं सदा रागावलेली असतात, त्यातली ही गाडी. तिला चढ लागलाय का उतार, कळायला मार्ग नाही. “हा विकायचा नाही, दाखवायचा आहे,” नळीवाला म्हणाला, “हा लावलात तर पहिल्या चौकात पकडतील, आणि पकडावंच.” तिसरा लांब, मळकट, पोटाशी फुगीर, मधला सांधा त्यानं स्वतः जोडलेला. दिसायला अगदीच साधा. आत भोकं पाडलेली नळी आणि भोवती लोकर. त्यानं कापलेला एक तुकडा आणून दाखवला. “बारीक आवाज लोकरीत अडकतात. जाड आवाज सुटतात.” “म्हणजे माझ्या कानांसारखा झाला,” मी म्हटलं. तो म्हणाला, “तेच मघापासून मनात येतंय माझ्या, पण म्हटलं बाईंना राग यायचा.”

मी त्या तिसऱ्या गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. आवाज आधी कानांत आलाच नाही. आधी पाठीच्या कण्यात आला, मांड्यांखाली आला, स्टिअरिंगमधून कोपरापर्यंत चढला, आणि मग मागाहून, शांतपणे, कानांत शिरला. मला एकदम कारखान्यातली ती खोली आठवली, सकाळी पहिलं मशीन सुरू व्हायचं तेव्हा जमिनीतून तळव्यांना कळायचं की आता काम सुरू झालं. ज्या आवाजानं माझे कान खाल्ले त्याच्यावर मी प्रेम करत होते, हे मला साठीला टेकल्यावर एका ग्रीस लागलेल्या सीटवर बसून कळावं! नळीवाल्यानं खिशातलं फडकं काढून इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर टाकलं. “दाबा पॅडल. किती?” मी दाबलं. “दोन हजार.” त्यानं फडकं उचललं, पाहिलं, पुन्हा टाकलं. “आता?” “तीन. नाही, थोडे कमी.” “आता?” “दीड. आता सोडलं तर बंद पडेल.” सहा वेळा विचारलं, एकदाच चुकले. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. “मला नाही सांगता येणार असं. बायकोचंसुद्धा ऐकू येत नाही म्हणते ती.” आवाज कायद्याच्या मापात बसतो असा कागद त्यानं लिहून, शिक्का मारून दिला, कुणी अडवलं तर दाखवायला. मी तसाच सायलेन्सर बसवायला सांगितला आणि बसून होईस्तोवर एका टायरवर बसून राहिले.

संध्याकाळी गल्लीत शिरले तेव्हा हे दारात उभे. हात वर गेलेलाच होता. “हे काय? हे पोरांचे चाळे या वयात? कोपऱ्यावरून ऐकू येते गाडी.” “येऊ दे.” “लोक काय म्हणतील?” “मोठ्यानं म्हणाले तर मला कळेल.” हात खाली यायला लागला, हळू, हळू, आणि मी तो मनगटाशी धरला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, असा कधी धरला नव्हता. “अहो, तुमचा चष्मा वाढला तेव्हा मी काय केलं? टेबलावर मोठा दिवा लावला. अक्षर फुटलं की मीच भिंग आणलं. तुम्हाला कुणी म्हणालं का, आता वाचणं सोडा, दुसरा कुणीतरी वाचून दाखवेल? तुमच्या डोळ्यांसाठी दिवा मोठा झाला, माझ्या कानांसाठी गाडीनं आवाज मोठा केला तर कुणाचं काय बिघडलं?” चुका शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. माझ्या बोलण्यात ते चूक शोधत होते आणि सापडत नव्हती. मग म्हणाले, “हात सोड, दुखतोय.” सोडला. तो हात त्यांनी खिशात घातला आणि आत गेले.

रविवारी लेक आली, शेजारी बसली, पट्टा लावला आणि पुन्हा एकदा ओढून बघितला. यंत्रं मी दोन्ही कानांत घातली होती, उगाच बोल लावायला जागा नको. किल्ली फिरवली, पाठीत हुंकार आला. तळ्याकडचा चढ, अर्ध्यावर थांबून पुन्हा निघणं, बाजारातली चिंचोळी गल्ली, गोल चौकातला गोंधळ, ती म्हणेल तिकडे नेली. चढावर गाडी कुरकुरायच्या आत माझा हात दांड्यावर गेला होता. लेक पहिला पाऊण तास माझ्या पायांकडे बघत होती, जशी काही मी तिथे काहीतरी लपवलंय. मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. आणि तेव्हा, नदीकाठच्या सरळ रस्त्यावर, मला बाजूच्या काचेत तिचे ओठ हलताना दिसले. बरेच हलले. एक दोन शब्दांचं बोलणं नव्हतं ते. गाडीचं मला पाठीतून सगळं ऐकू येत होतं आणि माझ्या मुलीचं एक अक्षर येत नव्हतं. खोटं कशाला बोलू? पुढं जावं, विचारू नये, जिंकतेय तर जिंकून घ्यावं असंही वाटलं. मग मी कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि किल्ली उलटी फिरवली. सगळं शांत झालं. लेकीचा हात लगेच पुढे आला, तळवा वर. “बंद पडली,” ती म्हणाली.

“पडली नाही. मी केली,” मी म्हटलं. “आता माझ्याकडे तोंड कर. काय बोलत होतीस?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणायला इतके ओठ हलवावे लागत नाहीत.”

तिचा हात अजून तसाच होता, मध्ये. तिनं तो मिटला. “मी म्हणत होते, मला भीती वाटते, आई. बाबांचा फोन आला की आधी तेच मनात येतं, तुला काहीतरी झालं. मीटिंगमध्ये असले तरी. आणि तू छान चालवतेस, ते पण म्हणत होते. मघाशी त्या चढावर मला रडू आलं, का कुणास ठाऊक.” तिचं नाक लाल झालं होतं.

“हे सगळं तू काचेला सांगत होतीस?”

“मग काय करू? गाडीचा आवाज केवढा होतो!”

“मग तू मोठ्यानं बोल,” मी म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आमच्या घरात जन्मलेली मुलगी ती, तिला आधी कळेचना मी काय मागतेय. मी किल्ली फिरवली, आरसा पाहिला, गाडी रस्त्यावर घेतली. पहिला, दुसरा, तिसरा. पूल आला, पुलावरून खाली उतार लागला, आणि शेजारून असा आवाज आला की यंत्रं नसती तरी ऐकू आला असता, पलीकडच्या गाडीतल्या माणसानं वळून पाहिलं.

“आई, पुढं लाल आहे!”

“दिसतोय मला!” मी तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, आणि दुसरा टाकला.